‘ट्रेंटन’ ताब्यात घेताना: सेफ्टी व्हॉल्व्हचा दिवस

वापरलेली युद्धनौका एका नौदलाकडून दुसऱ्या नौदलाकडे जाते तेव्हा वर्तमानपत्रांत छायाचित्र येते ते ध्वज बदलण्याच्या समारंभाचे. ‘यूएसएस ट्रेंटन’ हे अमेरिकन नौदलाचे जहाज १७ जानेवारी २००७ रोजी व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक येथे भारताच्या स्वाधीन करण्यात आले, आणि २२ जून २००७ रोजी तेथेच ते ‘आयएनएस जलाश्व’ या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले. या दोन समारंभांच्या मधल्या काळात जहाजाची दुरुस्ती झाली. जहाज ताब्यात घेण्यासाठी गेलेल्या पथकात मी इंजिन रूम आर्टिफिसर (यंत्रांची देखभाल करणारा तंत्रज्ञ नाविक) म्हणून बॉयलरच्या कामावर होतो. त्या काळातील एका दिवसाची हकिकत येथे लिहीत आहे.

जहाज काय होते हे आधी सांगणे आवश्यक आहे. आपल्या नौदलात सैन्य आणि रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी जी जहाजे होती, त्यांतील ‘मगर’ आणि ‘घडियाल’ ही जहाजे थेट वाळूवर चढत आणि नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, दरवाजा उघडून आतील वाहने बाहेर सोडत. ‘ट्रेंटन’ची पद्धत वेगळी होती. तिच्या मागील अर्ध्या भागात सुमारे ५१ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद अशी एक गोदीच होती. टाक्यांत समुद्राचे पाणी घेऊन जहाजाची मागची बाजू खाली बुडवायची, मागचा दरवाजा उघडायचा, गोदीत पाणी येऊ द्यायचे आणि आतील उतरण-नौका तरंगत बाहेर काढायच्या, अशी तिची रीत. लांबी १७३ मीटर, पूर्ण भारासह वजन १७,००० टनांच्या आसपास, आणि एका वेळी सुमारे हजार सैनिक नेण्याची क्षमता. त्या वेळी विमानवाहू ‘विराट’ वगळता आपल्या नौदलात एवढी मोठी युद्धनौका दुसरी नव्हती. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमान-निकोबारला मदत पोहोचवताना अशा जहाजाची उणीव प्रकर्षाने जाणवली होती. किंमत होती सुमारे ४.८ कोटी डॉलर. नवे जहाज बांधण्याच्या खर्चाच्या तुलनेत ही रक्कम अगदी किरकोळ होती, परंतु जहाज १९७१ साली सेवेत आलेले होते, म्हणजे आमच्यापैकी बहुतेकांपेक्षा वयाने मोठे. पुढे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या खरेदीवर कडक ताशेरे ओढले. त्यांतील जहाजाच्या वयाबद्दलचे आक्षेप मला अन्यायाचे वाटले नाहीत, कारण ते वय आम्ही रोज हाताने चाचपत होतो.

दुरुस्ती म्हणजे जहाज नवे करणे, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. प्रत्यक्षात ती एक लांबलचक यादी असते आणि यादीतील प्रत्येक ओळीला किंमत असते. काही यंत्रे उघडून पूर्ण दुरुस्त करायची, काहींची फक्त चाचणी घ्यायची, आणि काही ‘आहे तशी’ स्वीकारायची. देणाऱ्या देशाला जहाज वेळेत हातावेगळे करायचे असते. दुरुस्ती करणाऱ्या गोदीला ठरलेल्या पैशांत काम संपवायचे असते. आणि घेणाऱ्याला पुढची दहा-पंधरा वर्षे त्या जहाजासोबत काढायची असतात. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त असते. म्हणूनच घेणाऱ्या पथकातील माणसाच्या सहीला महत्त्व येते. यादीतील ओळीपुढे एकदा त्याने सही केली की ते यंत्र, त्याच्या सर्व गुणदोषांसह, त्याच्या देशाचे झाले.

आमच्यातील बरेच जण वाफेच्या जहाजांवर घडलेले होते. मी लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’ या नौदलाच्या प्रशिक्षण संस्थेत शिकलो आणि नंतर मुंबईत, माझगाव गोदीत बांधलेल्या ‘गिरी’ वर्गातील फ्रिगेटवर बरीच वर्षे काढली. तेथील बॉयलर दर चौरस इंचाला ५५० पौंडांच्या दाबाचे, ब्रिटिश धाटणीचे. ‘ट्रेंटन’वर दोन बॉयलर होते, दाब ६०० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४२ किलो, आणि त्यांच्या वाफेवर चालणाऱ्या टर्बाइनची एकत्रित शक्ती २४,००० अश्वशक्ती. दाबाचे आकडे आम्हाला अनोळखी नव्हते, पण आटे, पाने, मापे आणि झडपांची मांडणी सगळे अमेरिकन होते, आणि मुंबईहून मोठ्या हौसेने आणलेली आमची काही अवजारे पेटीतच राहिली. त्यातच जुन्या पाइपांवरच्या आच्छादनात अॅस्बेस्टॉस असल्यामुळे त्याला हात लावायचा तर आधी प्लॅस्टिकचा तंबू उभारून ती जागा बंदिस्त केली जाई, मुखवटे आणि पांढरे पोशाख घातलेली माणसे आत जात आणि आम्ही बाहेर ताटकळत बसत असू. वेळापत्रक कोलमडण्यास हे एक कारण पुरेसे होते.

तो दिवस एप्रिलमधला होता. त्या भागात वसंतात पाइन वृक्षांचा पिवळा पराग इतका उडतो की सकाळी डेक हळदीने सारवल्यासारखा दिसे, आणि बॉयलरला हवा पुरवणाऱ्या पंख्यांच्या जाळ्या वारंवार पुसून काढाव्या लागत. एका बॉयलरची पाण्याच्या दाबाची चाचणी होऊन तो उत्तीर्ण झाला होता, भट्टीतील नव्या विटा मंद आगीवर सावकाश सुकवून झाल्या होत्या, आणि त्या दिवशी त्याचे सेफ्टी व्हॉल्व्ह प्रत्यक्ष वाफेवर तपासून ठरलेल्या दाबाला जुळवायचे होते. जहाजाच्या समुद्रचाचणीची तारीख आधीच ठरलेली असल्यामुळे हे काम पुढे ढकलायला जागा नव्हती.

सेफ्टी व्हॉल्व्हचे तत्त्व साधे आहे: दाब ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला की व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि जादा वाफ आकाशात सोडून देतो. तथापि जहाजाच्या बॉयलरवर असे एकाहून अधिक व्हॉल्व्ह असतात आणि ते कोणत्या क्रमाने उघडतात यावर बॉयलरचे आयुष्य अवलंबून असते. ड्रममध्ये, म्हणजे बॉयलरच्या मुख्य टाकीत, जमलेली वाफ सुपरहीटरच्या नळ्यांतून जाते आणि तेथे तिचे तापमान ४५० अंश सेल्सियसच्या पुढे चढते. या नळ्या थेट भट्टीच्या ज्वालेजवळ असतात. त्यांना थंड ठेवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे आतून अखंड वाहणारी वाफ. आता समुद्रात एखाद्या आणीबाणीत टर्बाइनची वाफ अचानक बंद केली, तर दाब एकदम उसळतो. अशा वेळी ड्रमवरचे व्हॉल्व्ह आधी उघडले तर वाफ ड्रममधूनच बाहेर पडते, सुपरहीटरमधला प्रवाह थांबतो, आणि खाली बर्नर पेटलेलेच असतात. नळ्या लाल होऊन फुटायला मग फार वेळ लागत नाही. म्हणून सुपरहीटरच्या पलीकडच्या टोकाचा व्हॉल्व्ह सर्वांत आधी उघडलाच पाहिजे, हा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही.

अमेरिकन नौदलाच्या या दाबाच्या बॉयलरांवर त्यासाठी एक चतुर व्यवस्था असते. ड्रमवर एक छोटा पायलट व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो सर्वांत कमी दाबाला उघडतो आणि आपली वाफ एका बारीक नळीतून सुपरहीटरवरच्या मोठ्या व्हॉल्व्हकडे पाठवतो. ती वाफ पोहोचली की मोठा व्हॉल्व्ह उघडतो. म्हणजे दाब मोजायचा ड्रममध्ये, पण वाफ सोडायची सुपरहीटरच्या टोकाला. ब्रिटिश बॉयलरांवर वाढलेल्या आम्हाला ही मांडणी नवीन होती, आणि ती समजून घेण्यासाठी आम्ही गोदीतील एका ज्येष्ठ बॉयलर कारागिराला बराच त्रास दिला होता. ते गृहस्थ अमेरिकन नौदलातून बॉयलर टेक्निशियन म्हणून निवृत्त झाले होते आणि तरुणपणी वाफेच्या अनेक जहाजांवर राहिले होते. स्वभावाने तुसडे, परंतु प्रश्न विचारणारा माणूस त्यांना आवडे. नकाशात नसलेल्या अनेक गोष्टी त्यांनी आम्हाला दाखवल्या: कोणता व्हॉल्व्ह उलट्या दिशेने फिरतो, पाणी दाखवणारी कोणती काच थंडीत फसवते, कोणत्या पंपाचा आवाज बदलला की पळायचे. असे ज्ञान कोणत्याही करारात लिहिलेले नसते आणि त्याची किंमतही लावलेली नसते. माझ्या मते त्या पाच महिन्यांत आपल्या नौदलाला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती.

सकाळी भट्टीतून भरपूर हवा खेळवून, उरलेली तेलाची वाफ बाहेर काढून, बर्नर पेटवण्यात आला. सुपरहीटरचे निचरे उघडे होते. सर्वांत लहान छिद्राच्या चकतीने तेल फवारत दाब सावकाश वाढवला. प्रमाणित केलेला वेगळा दाबमापक लावला होता आणि त्यावर आमच्या अभियंता अधिकाऱ्यांची व गोदीच्या निरीक्षकाची, दोघांचीही नजर होती. पद्धत अशी असते की ज्या व्हॉल्व्हची परीक्षा चालू आहे तो सोडून बाकीच्यांच्या दांड्यांवर अडकण लावून ते तात्पुरते रोखून धरायचे. ड्रमवरचे व्हॉल्व्ह एकामागून एक तपासले गेले. प्रत्येक वेळी ठरलेल्या दाबाला धडाक्याने वाफ सुटे, कानांवर जाड संरक्षक चढवूनही तो आवाज छातीत जाणवे, आणि दाब उतरताच व्हॉल्व्ह खटकन बंद होई. एकाची स्प्रिंग थोडी आवळावी लागली, एकाचे खालचे कडे थोडे फिरवावे लागले. दुपारपर्यंत सर्व काही इतके सुरळीत झाले होते की गोदीच्या निरीक्षकाने अहवालाची पाने भरायलाही घेतली होती.

शेवटी पायलट आणि सुपरहीटरच्या जोडीची पाळी आली. दाब ठरलेल्या आकड्याला पोहोचला. पायलट उघडल्याची बारीक, कोरडी फुसफुस ड्रमजवळ उभ्या असलेल्यांना ऐकू आली. मोठा व्हॉल्व्ह मात्र गप्प राहिला. दाब आणखी काही पौंड चढला आणि अभियंता अधिकाऱ्यांनी हात वर करताच बर्नरचे तेल तोडण्यात आले. दुसऱ्यांदा प्रयत्न झाला, तेव्हाही तसेच.

आता येथे मतभेद झाला. गोदीच्या निरीक्षकाचे म्हणणे असे की मोठा व्हॉल्व्ह कार्यशाळेतील बाकावर तपासलेला आहे, तो उत्तम आहे. अनेक वर्षे न उघडल्यामुळे वाफेवर पहिल्यांदा तो अडतो आहे, हाताच्या दांड्याने दोन-तीनदा उचलला की मोकळा होईल. तसे केलेही. हाताने ओढल्यावर व्हॉल्व्ह उघडला, गडगडाट झाला, सर्वांच्या चेहऱ्यांवर समाधान पसरले. पण पायलटच्या आज्ञेवर तो पुन्हा उघडेना. त्यावर निरीक्षकांनी सुचवले की ‘हाताने उघडतो, पायलट उघडतो, दोन्ही स्वतंत्रपणे समाधानकारक’ अशी नोंद करून बॉयलर स्वीकारावा आणि उरलेले काम शेऱ्यात टाकून समुद्रचाचणीनंतर पाहावे. तारीख जवळ होती, हे मला मान्य होते. शिवाय चाचणीसाठी लागणारी अनेक माणसे आणि टगबोटी आधीच ठरवलेल्या होत्या. तरीही दोन अवयव वेगवेगळे ठीक आहेत म्हणून त्यांची जोडी ठीक आहे असे मानणे मला पटेना. व्हॉल्व्हचे काम आज्ञेवर उघडणे हेच असते. अभियंता अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर विचारले, “चीफ, तुमचे काय मत?” मी सांगितले की मी सही करणार नाही. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मग निरीक्षकांना शांतपणे सांगितले की पथकाचा निर्णय हाच आहे.

दोष कोठे आहे हे शोधून काढले ते साताऱ्याकडच्या एका तरुण खलाशाने. तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी, आम्ही सारे दाबमापकाकडे पाहत असताना, तो हातातला पायरोमीटर (तापमान मोजण्याचे उपकरण) घेऊन त्या बारीक नळीच्या कडेने चालत गेला. प्रयत्न संपल्यावर तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “चीफसाहेब, नळी अर्ध्यापर्यंतच तापतेय. फ्लँजच्या अलीकडं हात लावता येणार नाही, पलीकडं कोमट.” मी स्वतः जाऊन पाहिले. पायलट उघडला असेल तर वाफ नळीत आली पाहिजे, आणि वाफ आली असेल तर नळी शेवटपर्यंत तापली पाहिजे. ती एका जोडावर, म्हणजे फ्लँजवर, थांबत होती. म्हणजे वाफ तेथपर्यंत येत होती आणि पुढे जात नव्हती. ज्येष्ठ कारागिरांना बोलावले. त्यांनी दोन्ही बाजूंचे आकडे वाचले, नाक मुरडले आणि बॉयलर थंड करायला सांगितले. त्यांना उत्तर तेव्हाच कळले होते, असे मला आजही वाटते.

तापलेल्या बॉयलरचा दाब घाईने उतरवता येत नाही. तसे केले तर जाड ड्रम आणि पातळ नळ्या वेगवेगळ्या गतीने आक्रसतात आणि नळ्यांची टोके ढिली होतात. त्यामुळे संध्याकाळ वाट पाहण्यात गेली. दाब पूर्ण उतरून, निचरे उघडून, कोठेही वाफ अडकलेली नाही याची दोघांनी स्वतंत्रपणे खात्री केल्यावर ती फ्लँज उघडण्यात आली. दोन गॅस्केटांच्या मध्ये पत्र्याची एक अखंड गोल चकती बसलेली होती.

हा प्रकार काय हे त्या खोलीत कोणाला समजावून सांगावे लागले नाही. पाण्याच्या दाबाची चाचणी घेताना दाब कामाच्या दाबापेक्षा वर नेला जातो. तेव्हा ज्या नळ्यांत तो जाऊ द्यायचा नसतो त्यांच्या जोडांत अशा चकत्या घालतात आणि चाचणी संपली की काढून घेतात. प्रत्येक चकतीला क्रमांक असतो, रंगवलेली शेपटी बाहेर डोकावत असते आणि नोंदवहीत ती घातल्याची आणि काढल्याची सही असते. आमच्या बॉयलरची नोंदवही पूर्ण होती, जितक्या घातल्या तितक्या निघाल्या होत्या. या चकतीला मात्र क्रमांक नव्हता आणि शेपटीही नव्हती. ती घाईत कोणीतरी पत्र्यातून कापून घातलेली असावी. कोणत्या पाळीत, कोणत्या उपकंत्राटदाराच्या माणसाने, हे पुढे निश्चित झाले नाही, आणि खरे सांगायचे तर ते शोधण्यात आम्हाला फारसा रसही नव्हता. आमच्यापुढचा प्रश्न निराळा होता: वहीत नसलेली एक चकती निघाली, तर आणखी किती असतील?

या प्रश्नावर रात्री जहाजावर बैठक झाली आणि ती लांबली. गोदीने चकती निघाल्याबद्दल खेद व्यक्त केला, नवे गॅस्केट घालून दुसऱ्या दिवशी चाचणी पुन्हा घेण्याची तयारी दाखवली, आणि एवढ्यावर विषय संपावा अशी अपेक्षा धरली. आमच्या अभियंता अधिकाऱ्यांनी ते मान्य केले नाही. त्यांची मागणी अशी होती की या बॉयलरला जोडलेल्या आणि दुरुस्तीत उघडलेल्या प्रत्येक फ्लँजची नकाशावरून नव्हे तर प्रत्यक्ष नळीवर हात ठेवून पाहणी व्हावी, आणि दुसऱ्या बॉयलरवर आग लावण्यापूर्वी तेच करावे. हा वाढीव खर्च कोणाचा, यावर बराच वेळ गेला. त्या वादाचा तपशील येथे देण्यात अर्थ नाही. एवढेच सांगतो की अखेर पाहणीचे काम आमच्या खलाशांनी करायचे आणि उघडण्या-बसवण्याचे काम गोदीने करायचे असे ठरले, आणि मला वाटते की त्या परिस्थितीत याहून चांगला तोडगा निघाला नसता. आमची माणसे त्या निमित्ताने बॉयलर खोलीतील प्रत्येक नळीच्या कडेने सरपटली. नकाशावरून महिनाभर शिकूनही जे कळले नसते ते त्यांना त्या काही दिवसांत कळले.

पाहणीत दुसरी चकती सापडली नाही. मात्र एका निचऱ्याच्या नळीवर चुकीच्या जातीचे गॅस्केट निघाले, आणि नकाशात दाखवलेली एक झडप प्रत्यक्षात नसल्याचे, बहुधा पूर्वीच्या एखाद्या दुरुस्तीत काढून टाकल्याचे, लक्षात आले. छत्तीस वर्षे वापरलेल्या जहाजावर नकाशा आणि वस्तुस्थिती यांत असे अंतर असतेच. ते अंतर समुद्रावर कळण्यापेक्षा धक्क्याला बांधलेले असताना कळावे, यासाठी तर दुरुस्ती असते.

व्हॉल्व्हची चाचणी पुन्हा झाली तेव्हा पायलटच्या फुसफुशीपाठोपाठ मोठा व्हॉल्व्ह इतक्या जोराने उघडला की वर डेकवर काम करणारे काही जण दचकून बाजूला झाले. तीनदा उघडला आणि तीनही वेळा ड्रमवरच्या व्हॉल्व्हांच्या आधी. मी त्या ओळीपुढे सही केली. साताऱ्याच्या खलाशाचे नाव अहवालात यावे असा आग्रह मी धरला होता आणि अभियंता अधिकाऱ्यांनी तो मानला.

समुद्रचाचणी ठरलेल्या तारखेपेक्षा थोडी उशिरा झाली. उशीर मुख्यतः दुसऱ्या कामांमुळे झाला. पण बॉयलर खोलीवर त्याचे खापर फोडण्याचा मोह काहींना आवरला नाही, हेही नमूद करायला हवे. अटलांटिकमध्ये पूर्ण वेगाने जात असताना टर्बाइनची वाफ अचानक बंद करण्याची चाचणी घेण्यात आली. दाब उसळला, सुपरहीटरचा व्हॉल्व्ह सर्वांत आधी उघडला, सुपरहीटरच्या तापमानाचा काटा जागचा फारसा हलला नाही.

जून उजाडताच आमचे लक्ष सुट्या भागांकडे वळले. हे जहाज ज्या वर्गातले, त्या वर्गातील पहिले जहाज ‘ऑस्टिन’ आदल्या सप्टेंबरमध्येच निवृत्त झाले होते आणि उरलेलीही एकेक करून त्याच वाटेवर होती. म्हणजे सुटे भाग आज मुबलक होते, पण पुढे ते बनवणारे कोणी राहणार नव्हते. म्हणून पायलट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, सीट, सर्व मापांची गॅस्केटे आणि काचा यांची मागणी आम्ही नेहमीच्या हिशेबापेक्षा बरीच वाढवून दिली. भांडारप्रमुखांनी कपाळाला आठ्या घातल्या, तरी शेवटी मंजुरी दिली. त्याच खोक्यांत क्रमांक घातलेल्या, लाल शेपटीच्या चकत्यांचा एक पूर्ण संच आणि त्यांची नोंदवहीही होती. जहाज सप्टेंबरमध्ये विशाखापट्टणमला पोहोचल्यावर तेथील पहिल्याच बॉयलर कामापासून त्या वहीत नोंदी सुरू झाल्या.